दाढी कापणारा राजा आणि शाळा काढणारा राजा

(सोलापूर येथें शिक्षक व पालक यांच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



मी कांहीं फर्डा वक्ता नाहीं. मराठी शाळेंत शिकलों, ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडलों, आणि गेलीं वीस वर्षें खेड्यांतल्या पोरांना बाराखडी व पाढे शिकवीत आलों. सोलापुरासारख्या शहरांत, एवढ्या जाणत्या मंडळींपुढें उभें राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. बोलतांना शब्द चुकला तर मोठ्या मनानें पोटांत घाला. मात्र मुद्दा चुकला असें वाटलें तर तेथल्या तेथें उठून सांगा.

आजचा विषय मला माझ्या वर्गांतल्या एका मुलानें दिला. मागें एकदां मी मुलांना रशियाच्या पीटर बादशहाची गोष्ट सांगत होतों. बादशहानें आपल्या सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हातानें कापल्या, हें ऐकून वर्ग पोट धरधरून हंसला. हंसणें ओसरल्यावर मागच्या रांगेंतला एक मेंढपाळाचा मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, असा राजा आपल्यात न्हाई का झाला?" मीं म्हटलें, "झाला, बाळ. बडोद्याला झाला. पण त्यानें दाढ्या कापल्या नाहींत, शाळा काढल्या." त्यावर तो पोरगा चटकन् म्हणाला, "मग त्याची गोष्ट आमाला का न्हाई सांगितली?"

बंधूंनो, या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. घंटा झाली आणि मी सुटलों! पण घरीं जातांना तो प्रश्न माझ्याबरोबर चालत आला. तेव्हांपासून जें वाचलें व जें मनांत घोळलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम त्या रशियन बादशहाची हकीकत थोडक्यांत ऐका. पीटर हा १६७२ सालीं जन्मला. त्या काळीं रशिया म्हणजे मुलूख अफाट, पण विद्या, जहाजें, तोफा व कलाकुसर यांत पश्चिमेकडील देशांच्या फार मागें. आपण मागें कां, हें पाहण्यासाठीं तो १६९७ सालीं स्वतः देशाबाहेर पडला. एवढ्या मोठ्या मुलखाचा धनी, पण 'पीटर मिखायलॉव्ह' असें साधें नांव घेऊन हॉलंडांत गेला आणि तेथील जहाजांच्या कारखान्यांत, हातांत कुऱ्हाड घेऊन सुतारांबरोबर राबला. राजानें हातास घट्टे पाडून घेणें ही गोष्ट लहान नव्हे. आपल्याकडे चार एकर बागाईत झाली कीं औताला हात लावण्याची लाज वाटूं लागते. त्यांनीं ही हकीकत मनांत ठेवावी.

परत येतांच त्यानें बदलाचा धडाका लावला. दाढ्या कापल्या, लांब झगे तोकडे केले. १७०५ सालीं दाढीवर करच बसविला व कर भरणाऱ्यास पावती म्हणून बिल्ला देऊं लागला. शेतकऱ्यास आपल्या गांवीं दाढी ठेवण्याची मोकळीक होती, पण शहराच्या वेशींतून जातां-येतां त्याला दाढीबद्दल एक कोपेक मोजावा लागे. आपल्याकडे नाक्यावर भाजीच्या पाटीवर जकात घेत, त्यांतलाच हा प्रकार! १७०० सालापासून वर्षाचा आरंभ जानेवारींत धरूं लागले. १७०१ सालीं मॉस्को येथें गणित व नौकानयन यांची शाळा निघाली. १७०३ सालीं सरकारी वर्तमानपत्र छापूं लागलें आणि त्याच सालीं नेवा नदीच्या दलदलींत सेंट पीटर्सबर्ग शहराचा पाया घातला गेला. १७१४ सालीं त्यानें असा हुकूम काढला कीं, सरदारांच्या मुलांना अंकगणित व भूमिति आल्याचा दाखला मिळाल्याशिवाय त्यांचें लग्न होऊं देऊं नये. हा हुकूम आज आपल्या तालुक्यांत लागू केला तर किती नवरदेव बोहल्यावरून खालीं उतरतील, याचा हिशेब आपणच करा!

१७२२ सालीं त्यानें सरकारी नोकरीच्या चौदा पायऱ्या ठरविल्या. माणसाचा मान त्याच्या कुळावरून न ठरतां त्याच्या कामावरून ठरावा, आणि साध्या घरचा माणूसहि पायरी पायरीनें वर चढून सरदार व्हावा, असा त्याचा हेतु होता. जन्मावरून माणसाची किंमत करण्याची खोड ज्या देशाला लागली आहे, त्या देशानें या एका गोष्टीसाठीं तरी पीटरला हात जोडावेत.

पण बंधूंनो, नाण्याला दोन बाजू असतात. या सगळ्या थाटाचा खर्च कोणीं सोसला? शेतकऱ्यानें. पीटरनें डोईपट्टी बसविली. ती कुळांवर आली, सरदारांवर आली नाहीं. पीटर्सबर्ग बांधण्यासाठीं गांवोगांवचीं माणसें वेठीनें धरून नेलीं; चिखलांत, थंडींत व उपासांत हजारों माणसें तेथें मेलीं. रशियाचा शेतकरी जमीनदाराचा बांधलेला गुलाम होता. पीटरनें ती बेडी तोडली नाहीं, उलट ती अधिकच घट्ट झाली. सामान्य लोकांच्या मुलांसाठीं त्यानें अंकगणिताच्या शाळा काढल्या खऱ्या, पण त्या वरून लादलेल्या. मुलें पळून जात, आईबाप सूट मागत, आणि त्याच्या मागें थोड्याच वर्षांत त्या शाळा मोडल्या. सरदारांच्या घरांत पुढें फ्रेंच भाषा शिरली. धनी एक भाषा बोलतो, कूळ दुसरी बोलतें, आणि दोघांचें तोंड एकमेकांस कळत नाहीं, अशी गति झाली. पीटर १७२५ सालीं वारला. शेतकऱ्यांची गुलामी कायद्यानें मोडली ती १८६१ सालीं. म्हणजे मध्यें १३६ वर्षें गेलीं! दाढी एका दिवसांत उतरली. बेडी उतरण्यास चार पिढ्या लागल्या.

ती गुलामी मोडल्यानंतर दोनच वर्षांनीं, ११ मार्च १८६३ रोजीं, आपल्या नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें या खेड्यांत काशीराव व उमाबाई गायकवाड यांच्या पोटीं गोपाळ नांवाचा मुलगा जन्मला. घर गायकवाडांच्या भाऊबंदकींतलें, पण राहणी शेतकऱ्याची. १८७५ सालीं इंग्रज सरकारनें मल्हारराव गायकवाड यांना बडोद्याच्या गादीवरून काढलें, तेव्हां खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांनीं दत्तक घेण्यासाठीं मुलांचा शोध चालविला. काशीराव आपल्या मुलांना घेऊन बडोद्यास गेले, आणि २७ मे १८७५ रोजीं गोपाळाचे सयाजीराव झाले.

त्या वेळीं या मुलाचें वय बारा वर्षांचें होतें आणि त्याला लिहितां-वाचतां येत नव्हतें. शिक्षकबंधूंनो, हें वाक्य मुद्दाम लक्षांत घ्या. बारा वर्षांचा, निरक्षर, शेतकऱ्याचा मुलगा! आज असा मुलगा आपल्या शाळेच्या दारांत उभा राहिला तर आपण काय म्हणतों? "आतां याचें काय व्हायचें! मेंढरांमागें धाडा." बडोद्यास इलियटसाहेबांसारखा शिक्षक मिळाला, राजा सर टी. माधवराव यांच्यासारखा दिवाण मिळाला, आणि सहा वर्षांच्या अभ्यासानंतर २८ डिसेंबर १८८१ रोजीं त्या मुलानें राज्याचा पूर्ण अधिकार हातीं घेतला. शिकण्यास उशीर झाला म्हणून शिक्षण अडत नाहीं, शिकविणारा अडला तर अडतें, हा माझा पहिला धडा.

पीटरप्रमाणेंच सयाजीराव महाराजांनाहि बाहेरचें जग स्वतः पाहण्याची हौस होती. १८८७ सालीं ते प्रथम विलायतेस गेले आणि पुढें युरोप-अमेरिकेच्या कितीतरी वाऱ्या केल्या. पण तेथें त्यांनीं काय पाहिलें, हें महत्त्वाचें. त्यांनीं शाळा पाहिल्या, ग्रंथालयें पाहिलीं, कारखाने पाहिले, पाण्याचे नळ व गटारें पाहिलीं. अजव्याचा मोठा तलाव बांधून बडोदें शहराला नळाचें पाणी दिलें. १८९० सालीं प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर यांच्या हातून कलाभवन काढलें. तेथें रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम असे धंदे शास्त्रशुद्ध रीतीनें आणि तेहि देशी भाषेंतून शिकवूं लागले. १९०८ सालीं बँक ऑफ बडोदा निघाली. देशी भाषांत नवीन ग्रंथ व्हावेत म्हणून दोन लक्ष रुपयांचा निधि काढून ठेविला. पीटरच्या सरदारांनीं परक्यांची भाषा घेतली. या राजानें परक्यांची विद्या आपल्या भाषेंत आणण्याची खटपट केली. हा फरक डोंगराएवढा आहे.

मी कांहीं भाटगिरी करण्यास उभा नाहीं. लक्ष्मीविलास राजवाड्यावर अमाप पैसा खर्च झाला. महाराज महिनेन् महिने परदेशीं असत, त्याबद्दल प्रजेंत कुरकुर होती. धारासभा निघाली, पण शेवटचा शब्द राजाचाच राहिला. हें सर्व खरें आहे. तरीपण राज्याचा पैसा कोठें गेला हें पाहतांना राजवाड्याकडे जितकें बोट दाखवावें, तितकेंच गांवच्या शाळेकडेहि दाखवावें लागतें.

आतां मूळ मुद्यावर येतों. १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन दिलें. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, शेतकऱ्याच्या पट्टींतून जमणारा पैसा शेतकऱ्याच्या मुलासाठीं खर्च करा, असें त्यांचें मागणें होतें. इंग्रज सरकारनें तें कानाआड केलें. पण अकरा वर्षांनीं, १८९३ सालीं, सयाजीराव महाराजांनीं अमरेली भागांतील दहा गांवांत सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. राजधानींत गाजावाजा न करतां एका कोपऱ्यांतल्या खेड्यांतून आरंभ केला, यांत मोठें शहाणपण होतें. काय अडतें, कोण अडवितो, शिक्षक किती लागतात, हें तेरा वर्षें पाहिलें, आणि मग १९०६ सालीं सबंध राज्यास तो कायदा लागू केला. मुलगे आणि मुली, दोघांनाहि.

याच सुमारास इंग्रजी मुलखांत काय चाललें होतें? नामदार गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदे कौन्सिलांत आणलें. बडोद्याचा दाखला त्यांनीं पुढें केला. एका देशी संस्थानाला जें जमतें तें एवढ्या बलाढ्य सरकारला कां जमूं नये, असें विचारलें. १९१२ च्या मार्चांत मतें घेतलीं. बिलाच्या बाजूनें १३, विरुद्ध ३८! बिल पडलें. पुढें १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत मोफत व सक्तीचें शिक्षण सुरू केलें. आणि सबंध देशांत सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्यानें मिळाला तो २००९ सालच्या कायद्यानें, १ एप्रिल २०१० पासून. जोतीरावांच्या निवेदनापासून मोजा. १२८ वर्षें झालीं! रशियन शेतकऱ्याच्या १३६ वर्षांना हंसण्यापूर्वीं आपण आपला आंकडा पाहावा हें बरें.

बडोद्याची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९१० सालीं महाराजांनीं अमेरिकेहून बोर्डन नांवाचे ग्रंथपाल आणले आणि राज्यभर मोफत वाचनालयांची योजना केली. गांवानें वर्गणी जमवावी, तितकीच भर प्रांतपंचायतीनें घालावी, आणि तितकीच सरकारनें. जेथें वाचनालय नाहीं तेथें पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. शाळेंत अक्षर शिकलेला मुलगा घरीं गेला आणि पुढें दहा वर्षें छापील कागद दृष्टीस पडला नाहीं, तर तो पुन्हां अंगठेबहाद्दर होतो, हें त्या राजानें ओळखलें होतें. शिवाय यांत गांवाचा तिसरा हिस्सा आहे, हें लक्षांत घ्या. फुकट मिळालेल्या वस्तूची कोणी राखण करीत नाहीं. स्वतःचे चार पैसे घातले कीं माणूस कुलूप लावतो आणि किल्ली जपतो.

आतां मी अडचणीच्या जागेवर येतों. राजाच्या हुकुमानें सर्व कांहीं होतें काय?

१९०४ सालीं महाराजांनीं बालविवाहास बंदी करणारा कायदा केला. लोकांनीं काय केलें? पुष्कळांनीं दंड भरला आणि लग्नें उरकलीं. लग्नाच्या खर्चांत दंडाची रक्कम आधींच धरूं लागले! मुलगा शाळेंत न पाठविल्यास दंड असे. तोहि पुष्कळांनीं भरला, पण पोराला गुरांमागेंच ठेविलें. १९१५ सालीं, परीक्षा दिल्याशिवाय पौरोहित्य करूं नये, असा कायदा केला. तेव्हां ज्यांचें पोट न समजतां म्हटलेल्या मंत्रांवर चाललें होतें, त्यांनीं काहूर उठविलें. अस्पृश्य मुलांसाठीं त्यांनीं राज्य हातीं येतांच शाळा काढल्या, पण तेथें शिकविण्यास सवर्ण हिंदु शिक्षक मिळेनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले. ही शरमेची गोष्ट कोणाची? राजाची नव्हे. ती माझ्या धंद्याची आहे. हातांत खडू धरणाऱ्यानें मुलाची जात विचारून खडू खालीं ठेविला.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ऐका. महाराजांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना शिष्यवृत्ति दिली आणि १९१३ सालीं ते अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले. शिकून आल्यावर करारप्रमाणें १९१७ च्या सप्टेंबरांत ते बडोदें सरकारच्या नोकरींत रुजू झाले. महाराजांच्या मनांत त्यांना पुढें मोठ्या हुद्यावर नेण्याचें होतें. पण कचेरींतला शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकी. सबंध शहरांत त्यांना राहण्यास एक खोली मिळाली नाहीं. एका पारशी धर्मशाळेंत पारशाचें नांव सांगून ते राहिले; तेथेंहि लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलें. जगांतल्या नामांकित विद्यापीठांत शिकलेला माणूस बडोद्याच्या बागेंत झाडाखालीं बसला, आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडून मुंबईस परतला.

राजानें शिष्यवृत्ति दिली, नोकरी दिली. गांवानें खोली दिली नाहीं. हुकूम काढणारा हात एक असतो आणि तो पाळणारे हात हजार असतात. त्या हजार हातांत शिपायाचा हात येतो, घरमालकाचा येतो, शाळामास्तराचा येतो. राजा कितीहि मोठा असला तरी त्याला प्रत्येक उंबऱ्यावर उभें राहतां येत नाहीं.

हें वाचलें तेव्हां त्या शिपायाचा मला फार राग आला. पण त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं, त्याचें कारण तो शिपाई नव्हे. कारण सांगतों, आणि तें सांगण्यासाठींच आज येथें उभा आहें.

आमच्या गांवाच्या शिवारांत ऊस पुष्कळ. दिवाळी झाली कीं कारखान्याचा पट्टा पडतो आणि बाहेरच्या दुष्काळी भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे अंधारांत फडांत जातात, आणि पोरें मागें लहान भावंडांना सांभाळतात, वाढे गोळा करतात, पाणी आणतात. चार-पांच महिने हीं पोरें आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतात, आणि आमच्या पटावर त्यांचें नांव नसतें.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन रोज माझ्या वर्गाच्या खिडकीशीं येऊन उभी राही. मुलें पाढे म्हणत, तिचेहि ओठ हलत. एके दिवशीं ती दाराशीं आली आणि म्हणाली, "गुरुजी, मी बसू का?" मीं विचारलें, "तुझ्या शाळेचा दाखला आहे का?" ती म्हणाली, "न्हाई." मीं सांगितलें, "दाखला घेऊन ये, मग बघूं." ती गेली. दुसऱ्या दिवशीं खिडकीशींहि आली नाहीं. तो हंगाम संपला, टोळी गेली, पुढच्या वर्षीं दुसरीच टोळी आली. ती मुलगी कोणत्या गांवची, पुढें शिकली कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. तिचें नांवसुद्धां मीं विचारलें नव्हतें.

दाखला नाहीं म्हणून कोणत्याहि मुलाला परत पाठवूं नये, असें २००९ च्या कायद्यांत स्पष्ट लिहिलें आहे. तो कायदा तेव्हां लागू झालेला होता. त्याची प्रत माझ्या टेबलाच्या खणांत होती. म्हणजे बंधूंनो, हुकूम निघालेला होता, आणि तो उंबऱ्यावर अडविणारा शिपाई मीच होतों. कागद दुरून फेकणाऱ्यांत व माझ्यांत फरक एवढाच कीं, मी गोड बोललों.

त्यानंतरच्या हंगामांत मी मोठ्या मुलांना बरोबर घेऊन कोप्यांवर गेलों व मुलें मोजलीं. मुकादम म्हणाला, "पोरं शाळेत गेली तर बारकी कुणी बघायची?" त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. मग आमच्या अंगणवाडीच्या बाईंनीं बारकीं पोरें आपल्याकडे घेतलीं, तेव्हां मोठीं अकरा मुलें वर्गांत येऊन बसलीं. त्यांतलीं चार मध्येंच गळालीं; सात हंगामभर टिकलीं. जातांना त्यांच्या हातांत, काय शिकलें याचा कागद देऊन मी त्यांना निरोप दिला. हें कांहीं मोठें काम नव्हे. पण ज्या प्रश्नाला मी घंटेआड लपलों होतों, त्याचें थोडेंसें उत्तर यांत आहे.

आतां आपल्याकडे माझें मागणें. कारखान्याचा पट्टा पडण्यापूर्वींच गांवच्या शाळा समितीनें बसून ठरवावें कीं, यंदा कोप्यांवर किती मुलें येणार आणि तीं कोठें बसणार. कागदपत्रें मागाहून पाहतां येतात, मुलाचें वय मागें आणतां येत नाहीं. ज्या गांवांतलीं माणसें स्वतः ऊसतोडीला जातात, त्या गांवांनीं मुलांना मागें ठेवून त्यांच्या जेवणाखाण्याची व राहण्याची सोय करावी; नातेवाईक आहेत, शेजारी आहेत, सरकारच्या योजना आहेत, त्या धसास लावाव्या. आणि प्रत्येक शाळेंत पुस्तकांची एक पेटी असावी, तिच्यांत गांवानें आपला तिसरा हिस्सा घालावा. मुलांच्या हातांत मोबाईल आहे, त्याला माझी ना नाहीं. पण तो आईबापाबरोबर फडांत जातो. पुस्तक घरीं राहतें, आणि पोरगेंहि घरींच असतें.

सयाजीराव महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजीं मुंबईस वारले. १ मे १९४९ रोजीं बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. राजे गेले, संस्थानें गेलीं. आतां हुकूम काढणारेहि आपणच आणि पाळणारेहि आपणच. शाळा मोडली तर दोष टाकण्यास गादीवर कोणी बसलेला नाहीं.

त्या मेंढपाळाच्या मुलाला मीं बडोद्याची गोष्ट सांगितली. सबंध सांगितली, दाढीची, शाळेची, आणि झाडाखालीं बसलेल्या बाबासाहेबांचीहि. त्यानें ऐकून घेतलें आणि विचारलें, "गुरुजी, मग खोली कुनीच का दिली न्हाई?" वर्गांत कोणी हंसलें नाहीं. हा प्रश्न मी माझ्यापाशीं ठेवून घेत नाहीं. आपल्या सर्वांच्या स्वाधीन करतों.